देवीकुंड सागर, बडा बाग, मंडोर : थरच्या वाळवंटातल्या राजछत्र्या पाहायच्या तर कशा?

रानवाट_नाशिक (धागाकर्ती):
येत्या डिसेंबरात आम्ही घरची मंडळी बिकानेर, जैसलमेर आणि जोधपूर असा प्रवास करणार आहोत. किल्ले, हवेल्या आणि उंटावरची रपेट यांविषयी वाचायला भरपूर मिळाले, परंतु राजघराण्यांच्या स्मारक-छत्र्यांविषयी 'सूर्यास्ताला जा, छायाचित्रे सुंदर येतात' यापलीकडे कोणी काही लिहिलेले दिसले नाही. गाडी ठरवताना चालकाने फोनवरच सल्ला दिला की जैसलमेरला बडा बाग पाहणारच आहात, तर बिकानेरचे देवीकुंड सागर सोडून द्या, सगळीकडे तेच ते. माझे सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक असल्यामुळे 'तेच ते' हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारण्याची सोय नाही. ही ठिकाणे एकमेकांपासून खरोखर वेगळी आहेत का, आणि तिथे गेल्यावर नेमके काय पाहायचे, हे जाणकारांनी सांगावे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, हेही लक्षात घ्यावे.

भटका_जीव:
बडा बाग. संध्याकाळी. बिकानेरमध्ये वाचलेला वेळ कचोरीला द्या.

शिलालेखी:
भटका_जीव यांचा सल्ला पोटाच्या दृष्टीने उत्तम असला तरी मला तो मान्य नाही. बडा बाग ही जैसलमेरच्या भाटी महारावळांची स्मारकभूमी आहे आणि देवीकुंड सागर ही बिकानेरच्या राठोडांची. घराणी वेगळी, दगड वेगळा आणि बांधणीही वेगळी.

बडा बाग शहराच्या उत्तरेला सहाएक किलोमीटरवर आहे. सोळाव्या शतकात महारावळ जैतसिंहाने तिथे बांध घालायला घेतला, त्याचा मुलगा लूणकरण याने ते काम पुढे नेले आणि शेजारी बाग केली. छत्र्या वरच्या टेकाडावर रांगेने उभ्या आहेत. सगळे काम पिवळ्या वालुकाश्माचे आहे. काही छत्र्यांवर घुमट आहेत, तर काहींवर पायऱ्यापायऱ्यांनी निमुळती होत जाणारी शिखरे. विसाव्या शतकातल्या महारावळ जवाहरसिंहांची छत्री अर्धवट राहिली आणि पुढे परंपराच थांबली.

देवीकुंड सागर बिकानेरच्या पूर्वेला आठेक किलोमीटरवर, एका तळ्याच्या काठी आहे. सोळाव्या शतकातल्या राव कल्याणमलपासून १९८८ साली वारलेल्या महाराजा करणीसिंहांपर्यंतची स्मारके तिथे आहेत, म्हणजे एकाच घराण्याची चारशे वर्षे एका आवारात चालत पाहता येतात. सुरुवातीच्या छत्र्यांत दुलमेरा येथील तांबडा दगड दिसतो, पुढे मकराण्याचा संगमरवर वाढत जातो आणि १८२८ साली वारलेल्या सूरतसिंहांच्या छत्रीपाशी आल्यावर सगळेच पांढरे होते. त्या छत्रीत गेल्यावर मान वर करायला विसरू नका, कारण छताच्या आतल्या बाजूला राजपूत शैलीची चित्रे आहेत. अनूपसिंहांची सोळा खांबांची छत्रीही सावकाश पाहावी. तिच्यावर मोर आणि कृष्ण-गोपी कोरलेले आहेत.

सपाट आवार असल्यामुळे गुडघ्यांना देवीकुंड सोपे आहे. फक्त प्रत्येक छत्रीचा चौथरा चढावा लागतो. बडा बागेत चढण आहे.

हिशेबनीस:
एक मूलभूत शंका विचारतो, हसू नये. या छत्र्यांखाली नेमके काय असते? आमच्या गटाच्या वाटाड्याने तर "राजा इथेच खाली झोपला आहे" असे मोठ्या नाट्यमय स्वरात सांगितले होते आणि गटातल्या दोन मुली त्यानंतर चौथऱ्यावर पाय ठेवायलाच तयार होईनात.

शिलालेखी:
हिशेबनीस, खाली कोणीही झोपलेले नाही. राजांचे दहन होत असे. छत्री बहुधा दहनाच्या जागेवर किंवा घराण्याच्या ठरलेल्या स्मारकभूमीत उभारली जाई आणि ती उभारणे हे वारसाचे काम असे. मृत्यू परमुलखात झाला तरी छत्री घरच्या भूमीत होत असे, आणि बिकानेरच्या बाबतीत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. रायसिंह १६१२ साली बुऱ्हाणपूरला वारले, करणसिंह १६६९ साली औरंगाबादला, अनूपसिंह १६९८ साली आदोनीला, गंगासिंह १९४३ साली मुंबईत आणि सादूलसिंह १९५० साली लंडनमध्ये. एवढ्या दूरदूर मरण आलेल्या माणसांना एका तळ्याच्या काठी एकत्र आणणे, हे या जागेचे काम आहे.

कर्णपुरेकर:
शिलालेखी यांनी करणसिंहांचे नाव घेतले म्हणून राहवले नाही. आमच्या छत्रपती संभाजीनगरातला कर्णपुरा तो हाच. औरंगजेबाची मर्जी गेल्यावर करणसिंहांची गादी मुलाकडे, म्हणजे अनूपसिंहांकडे गेली आणि करणसिंहांनी अखेरचा काळ इथे काढला. कर्णपुऱ्याच्या देवीचे मंदिरही त्यांनीच बांधले असे मानले जाते. नवरात्रात इथे जी जत्रा भरते ती पाहिल्याशिवाय तिच्या गर्दीची कल्पना येणार नाही. शेजारचा पदमपुरा त्यांच्या मुलाच्या, पदमसिंहाच्या नावाचा, आणि जसवंतपुरा जोधपूरच्या जसवंतसिंहांच्या नावाचा. आमच्याकडचे लोक रोज या वस्त्यांची नावे घेत रिक्षा करतात, पण त्यांतला एखादा राजा बिकानेरच्या तळ्याकाठी दगडात घोड्यावर बसलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सासऱ्यांना हे जरूर सांगा, रानवाटताई. देवीकुंडावर करणसिंहांची देवळी, म्हणजे छत्रीतली कोरीव उभी शिळा, शोधा. मृत्यूचे वर्ष संवत् १७२६ दिसले की तीच समजा.

सडेतोड:
म्हणजे औरंगजेबाच्या फौजेतून दख्खनवर चालून आलेल्या सरदारांच्या स्मारकांपुढे आपण मराठी माणसांनी हात जोडायचे? अनूपसिंह विजापूर आणि गोवळकोंड्याच्या मोहिमांत मोगलांच्या बाजूने होता. मी बिकानेरला गेलो होतो, जुनागड किल्ला पाहिला आणि देवीकुंडाला मुद्दाम गेलो नाही.

मोडीप्रेमी:
सडेतोड, हात जोडायला कोणी सांगितलेले नाही, पाहायला सांगितले आहे. अनूपसिंह मोगलांचा मनसबदार होता हे खरेच आहे आणि याच माणसाने दख्खनच्या धामधुमीत सापडलेली संस्कृत हस्तलिखिते जमवून बिकानेरला पाठवली, हेही तितकेच खरे आहे. ती पुढे अनूप संस्कृत पुस्तकालयाच्या रूपाने टिकली. दक्षिणेतून आणलेल्या देवमूर्ती जुनागडच्या तेहतीस कोटी देवतांच्या मंदिरात आहेत, म्हणजे तुम्ही किल्ला पाहिलात तेव्हा अनूपसिंहाची निम्मी कामगिरी पाहूनच आलात! सतराव्या शतकातल्या माणसांना आजच्या रांगेत उभे करून हजेरी घेतली, तर कोणत्याच प्रांतातले फार जण 'हजर' म्हणू शकणार नाहीत.

सडेतोड:
हस्तलिखितांचा मुद्दा मान्य. पण हीच माहिती तिथल्या फलकावर का नसते? फलकावर फक्त नाव आणि साल. मग सामान्य प्रवाशाला सगळे 'तेच ते' वाटले तर त्यात त्याचा काय दोष?

शिलालेखी:
फलकाची गरजच नाही, कारण दगड स्वतः बोलतात. प्रत्येक छत्रीच्या मध्यावर एक उभी शिळा असते, तिला तिकडे देवळी म्हणतात. आपल्याकडच्या वीरगळाची सवय असलेल्या डोळ्यांना ती चटकन कळते. घोड्यावर राजा, हातात शस्त्र, आणि त्याच्यासमोर किंवा शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या स्त्रिया. खाली किंवा बाजूला देवनागरीत लेख असतो. आरंभी गणेशाला नमन, मग संवत्, बऱ्याच लेखांत शके, मग महिना, पक्ष, तिथी आणि वार. संवतातून १३५ वजा केले की शके येतो आणि ५७ वजा केले की सामान्यतः इसवी सन, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ५६. अनूपसिंहांचा संवत् १७५५ म्हणजे शके १६२०, म्हणजे १६९८. तुमचे सासरे हे तोंडी करतील.

देवळीकडे नीट पाहिल्यास आणखी एक गोष्ट दिसते. राजाचा चेहरा, घोड्याचे खोगीर, कमरेचा शेला यांवर कारागिराने मनापासून हात चालवलेला असतो. स्त्रिया मात्र सगळ्या एका उंचीच्या, एका चेहऱ्याच्या आणि एकाच घडीच्या पदराच्या असतात. काही ठिकाणी त्यांच्यावर शेंदराचे थर चढून नाकडोळेही बुजले आहेत. खाली दिव्याच्या काजळीचा डाग असतो, म्हणजे पूजा करायला आजही कोणी येते.

अनघा_पुणे:
या स्त्रियांविषयी कोणीतरी स्पष्ट लिहील म्हणून वाट पाहत होते. त्या राण्या, उपस्त्रिया आणि दासी चितेवर गेलेल्या आहेत. देवळीवर जितक्या बायका, तितक्या त्या दिवशी जळाल्या असे सरसकट म्हणता येत नसले, तरी पुष्कळ ठिकाणी अर्थ तोच असतो. या सगळ्याला 'अप्रतिम शिल्पकला' एवढेच म्हणून पुढे सरकणे मला जमत नाही. मी बडा बागेत गेले होते तेव्हा एका देवळीसमोर लग्नापूर्वीचे चित्रण चालू होते. नवरी त्या दगडी बायकांच्या रांगेत तशीच हात जोडून उभी राहिली होती आणि छायाचित्रकार "थोडे हसा" म्हणत होता.

देवीकुंडावर तर दीपकुंवरचे स्मारक आहे. ती महाराजा सूरतसिंहांची सून, मोतीसिंहाची पत्नी. १८२५ साली सती गेली आणि बिकानेरच्या राजघराण्यातली ती शेवटची सती मानली जाते. तिथे लोक नवस बोलतात. १९८७ साली देवराला येथे रूपकंवर या तरुण विधवेच्या सतीचे प्रकरण घडले आणि त्याच वर्षी सतीच्या उदात्तीकरणाविरुद्ध केंद्राचा कायदा झाला, हे तिथे उभे असताना आठवल्याशिवाय राहत नाही.

सुमतीकाकू:
अनघा, तुझे म्हणणे पटते, पण एक बाजू मीही मांडते. नवस बोलायला येणाऱ्या त्या गावच्या बायकांशी मी बोलले आहे. त्यांतल्या कोणालाही चितेवर जायचे नाही आणि आपल्या लेकींनी जावे असेही वाटत नाही. त्यांना मूल हवे असते, नवऱ्याचे दुखणे बरे व्हायला हवे असते आणि देवीकडे मागावे तसे त्या मागतात. आपल्याकडे गावाच्या वेशीवर सतीशिळा असतात, बांगड्या भरलेला कोपरातून दुमडलेला हात आणि वर चंद्रसूर्य. त्यांच्यावरही बाया हळदकुंकू वाहतातच की. ते वाहणाऱ्या आजीला कायद्याचे कलम ऐकवून काय होणार?

अनघा_पुणे:
काकू, आजीला कोणी काही ऐकवू नये. माझा रोख आपल्यासारख्या शिकलेल्या प्रवाशांवर आहे. प्रवासवर्णनात घुमटांची संख्या येते, दगडाचा रंग येतो, मावळतीच्या प्रकाशाचे वर्णन तर परिच्छेदभर येते आणि या बायकांना एक ओळही मिळत नाही. रानवाटताईंनी 'काय पाहायचे' असे विचारले आहे, म्हणून माझे उत्तर इतकेच, की आधी त्या बायका मोजा आणि मग घुमट पाहा. जोधपूरला मंडोरच्या बागेत अजितसिंहांचे देवळासारखे स्मारक आहे. हा राजा १७२४ साली स्वतःच्या मुलाच्या, बख्तसिंहाच्या हातून मारला गेला आणि त्याच्या चितेवर कितीतरी स्त्रिया गेल्या. तिथेही हेच करा.

सडेतोड:
बायका मोजून मग घुमट पाहण्याचा हा क्रम मला पटला. पुढच्या वेळी देवीकुंडाला जाईन.

भटका_जीव:
सडेतोड यांचे मतपरिवर्तन झाल्याबद्दल प्रशासकांनी हा धागा जतन करून ठेवावा.

पवनपुत्र:
बडा बागेच्या विरोधात फारच वातावरण तापले आहे, म्हणून त्याची बाजू घेतो. तिथल्या छत्र्यांच्या मागे पवनचक्क्यांची रांग आहे आणि त्यामुळे 'दृश्य बिघडले' अशी तक्रार सर्वत्र वाचायला मिळते. जैसलमेरचा पवनऊर्जा प्रकल्प २००१ पासून उभा राहत गेला आणि आता त्याची क्षमता हजार मेगावॉटच्या पुढे आहे. मी याच क्षेत्रात नोकरी करतो, त्यामुळे माझे मत एकतर्फी समजा, पण त्या टेकाडावर छत्र्या बांधणाऱ्यांनाही उंच आणि उघडी जागाच हवी होती. जागा हेरण्यात दोघांचे एकमत झाले, एवढेच.

हिशेबनीस:
पवनपुत्र हे नाव घेतल्यावर दुसरे मत देणार तरी कसे!

कर्णपुरेकर:
एक महत्त्वाचे ठिकाण अजून कोणाच्याच प्रतिसादात आलेले नाही. बिकानेरहून जोधपूरला रस्त्याने जाताना वाटेत नागौर लागते. त्याच्या जवळच ताऊसर येथे जयाप्पा शिंद्यांची छत्री आहे. मारवाडच्या गादीसाठी रामसिंह आणि विजयसिंह यांचा तंटा लागला, जयाप्पांनी रामसिंहाची बाजू घेतली आणि विजयसिंहाला नागौरच्या किल्ल्यात कोंडून वेढा घातला. जुलै १७५५ मध्ये वेशांतर करून छावणीत शिरलेल्या मारेकऱ्यांनी जयाप्पांचा खून केला. पुढे दत्ताजी शिंद्यांनी मोहीम चालू ठेवली आणि तहात अजमेर मराठ्यांकडे आले. महादजींची छत्री पुण्याला वानवडीत आहे आणि ती आपण शाळेच्या सहलीतच पाहून टाकतो, पण त्यांच्या थोरल्या भावाची छत्री मारवाडच्या रेताडात आहे आणि तिथे मराठी माणूस क्वचितच जातो.

मोडीप्रेमी:
कर्णपुरेकर, अगदी योग्य आठवण केलीत. मी वर लिहिलेल्याला हा चांगला जोड आहे. बिकानेरचा राजा आमच्या औरंगाबादेत वारला आणि आमचा सरदार त्यांच्या नागौरजवळ मारला गेला. दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या मुलखात इतकी वर्षे लढत, राहत, देवळे बांधत आणि मरत होती, की बिकानेरच्या सहलीला 'परक्यांचा इतिहास' म्हणणे मला अवघड जाते. ताऊसरची छत्री मात्र मंडोर किंवा बडा बागेसारखी सजवलेली असेल या अपेक्षेने जाऊ नका.

सुमतीकाकू:
आता थोडे व्यवहाराचे. या सर्व ठिकाणी चौथऱ्यावर चढताना पादत्राणे काढावीत. कोणी सांगायला उभे नसले तरी काढावीत. डिसेंबरात सकाळी फरशी इतकी गार असते की जाड मोजे लागतात आणि दुपारी तीच फरशी चांगली तापलेली असते. देवीकुंडाला सकाळी जाणे चांगले, ऊन तिरपे असताना देवळीवरची अक्षरे उठून दिसतात. दुपारच्या झगझगीत उजेडात संगमरवरावरचे काहीही वाचता येत नाही. गुडघ्यांसाठी घडीची छोटी खुर्ची बरोबर ठेवावी, कारण आवारात बसायला चौथऱ्याची कड सोडून काही मिळेलच असे नाही. बिकानेरहून देशनोकचे करणीमातेचे मंदिर तीसेक किलोमीटरवर आहे, त्यामुळे सकाळी देवीकुंड आणि मग देशनोक असा बेत सहज बसतो. तिथे उंदीर मोकळे फिरतात, त्यांची भीती असणाऱ्यांनी गाडीत बसावे.

रानवाट_नाशिक:
सर्वांचे मनापासून आभार. धागा सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. करणसिंहांविषयीचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला, कारण त्यांची पहिली नोकरी संभाजीनगरातच होती आणि ते पदमपुऱ्यात भाड्याने राहत असत. अनघाताईंच्या प्रतिसादानंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, की वर्गात इतकी वर्षे वंशावळी शिकवल्या, त्यांत या बायकांचे नाव एकदाही फळ्यावर लिहिले गेले नाही.

आता अडचण मार्गाची आहे. आम्ही बिकानेर, जैसलमेर, जोधपूर असे ठरवले होते. त्यात नागौर बसत नाही. जातानाचे रेल्वेचे तिकीट बिकानेरपर्यंतचे काढलेले आहे, परतीचे अजून काढलेले नाही.

हिशेबनीस:
परतीचे तिकीट काढले नसेल तर काहीच अडचण नाही. बिकानेर, मग नागौर आणि ताऊसर करून जोधपूर, आणि शेवटी जैसलमेर असा क्रम घ्या. बिकानेर ते नागौर साधारण ११५ किलोमीटर, तिथून जोधपूर साधारण १४० किलोमीटर. म्हणजे ताऊसरला थांबूनही संध्याकाळच्या आत जोधपूर गाठता येईल. परतीचा प्रवास जैसलमेरहून करा.

शिलालेखी:
हा क्रम मलाही योग्य वाटतो, आणि त्याचे एक वेगळे कारण आहे. आधी देवीकुंड पाहिले की देवळी वाचण्याची सवय लागते, मग मंडोरला तेच स्मारक शिखर असलेल्या देवळाच्या रूपात समोर येते, त्यानंतर जोधपूरचेच दुसरे राजस्मारक, जसवंत थडा. महाराजा सरदारसिंहांनी वडिलांसाठी, म्हणजे दुसऱ्या जसवंतसिंहांसाठी, १८९९ साली तो बांधला. मकराण्याच्या दगडाचे पातळ पत्रे भिंतीत बसवल्यामुळे आत मंद उजेड झिरपतो. बडा बाग अखेरीस आला तरी त्याचे काही बिघडत नाही. रानवाटताईंनी तिथे संध्याकाळी जावे आणि भटका_जीव यांचाही मान राखावा.

अनघा_पुणे:
जोधपूरला एकाच दिवशी दोन्ही करणार असाल तर मंडोर सकाळी आणि जसवंत थडा दुपारनंतर ठेवा. थडा मेहरानगडाच्या अगदी जवळ असल्यामुळे किल्ला उतरताना तिथे जाता येते. मंडोरला वानरे फार आहेत. सासऱ्यांची काठी चालेल, पण केळ्यांची पिशवी गाडीतच राहू द्या.